चार बोटं समास

बाईला घरातही बाईच म्हणत. शाळेतल्या मुलांनी म्हणावं हे समजण्यासारखं आहे, पण तिचे सख्खे वडीलही तिला बाई म्हणायचे, तेही अहोजाहो करून. त्याला कारण होतं. ज्या शाळेत बाई इंग्रजी शिकवायला लागली, त्याच शाळेत बाबांनी तेहतीस वर्षं शिपाई म्हणून घंटा वाजवली होती. लेक रुजू झाली त्या दिवशी त्यांनी सगळ्या शिक्षकांच्या देखत तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "घ्या बाई." सगळे हसले. बाईला मात्र तो चहा घशाखाली उतरेना. तेव्हापासून तिचं घरातलं नाव मागे पडलं आणि हे चिकटलं.

घंटेने बाबांना गावभर ओळख दिली आणि त्या बदल्यात त्यांचे दोन्ही कान नेले. फोनवर बोलायचं म्हणजे ते हातभर लांब धरून ओरडायचे आणि पलीकडचं काही ऐकू आलं नाही की "हो हो, बरं बरं" म्हणून वहिनीच्या हातात द्यायचे. त्यामुळे बाईला परदेशात नोकरी लागली तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच, की बापलेकीने बोलायचं कसं?

ही नोकरी म्हणजे काही मोठ्या विद्यापीठातली नव्हे. जिथल्या लोकांना इंग्रजी परकी, अशा एका देशात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारी एक संस्था होती. बाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांची. लग्नाचं वय घरातल्या एकेका आजारपणात निघून गेलं होतं, आणि त्याबद्दल आता कुणी हळहळतही नव्हतं. पहिले सहा महिने नोकरी कच्ची, मग पक्की. त्या सहा महिन्यांत देश सोडून बाहेर पाऊल टाकलं की कागदपत्रं रद्द, नोकरी खलास. अट मोठी कडक होती. बाईने बाबांना ती पाटीवर लिहून दाखवली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"सहा महिने म्हणजे काय, एक सत्र," ते म्हणाले. "पण बाई, तुम्ही साऱ्या जगाला इंग्रजी शिकवणार आणि बापाला तसाच ठेवणार?"

असं ठरलं. दर रविवारी बाबांनी इंग्रजीतून एक पान लिहायचं, वहिनीने त्याचा फोटो काढून पाठवायचा, बाईने तपासून परत पाठवायचं. आणि सहा महिन्यांनी बाई सुट्टीवर आली की समोरासमोर तोंडी परीक्षा. "पास झालो तर चहा तुम्ही ठेवायचा," बाबा म्हणाले. बाईने जाताना विमानातच वहीच्या शेवटच्या पानावर परीक्षेचे प्रश्न काढायला सुरुवात केली. पहिला प्रश्न होता, आपण आयुष्यभर कोणते काम केले?

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. संस्था चष्म्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होती. बाईचा वर्ग पाच नंबरचा, खिडकी होती पण ती उघडायची नाही अशी पक्की बसवलेली. स्टाफरूममध्ये खिळ्यांना कप टांगलेले, प्रत्येकावर एकेकाचं नाव. बाईला पाहुण्यांसाठी ठेवलेला पांढरा कप मिळाला. "पक्क्या झालात की नावाचा येईल," संस्थेच्या प्रमुख बाईंनी हसून सांगितलं. स्वभावाने चांगल्या होत्या त्या. पण तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी बाईला बोलावून, जिभेवर साखर ठेवून, सांगितलं की चौदांपैकी तीन विद्यार्थ्यांनी वर्ग बदलून मागितला आहे. त्यांना जन्माने इंग्रजी बोलणारी बाई हवी आहे. तुमच्या शिकवण्यात काही खोट नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आता हे मनाला लावून घ्यायचं नाही तर कुठे लावायचं? सतरा वर्षं व्याकरण शिकवलेली बाई त्या दिवशी जिन्यात बसून पाव खात होती, कारण स्टाफरूममध्ये जायला तोंड नव्हतं. त्या जिन्यातला दिवा आपोआप विझायचा. हात हलवला की पुन्हा लागायचा. घास घ्यायचा, हात हलवायचा, असं तिचं जेवण झालं.

घरी तिने काय कळवलं? "वर्ग भरून वाहतोय. सगळे मला फार मानतात."

हा त्यांच्या घराण्याचा रिवाजच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायची ती परक्यांपासून नव्हे, तर लांब गेलेल्या आपल्याच माणसापासून. लांब असलेल्याला वाईट कळवायचं नाही, तो तिथे एकटा, काय करणार? बाई कॉलेजच्या वसतिगृहात असताना आजी वारली, तर घरच्यांनी शेवटचा पेपर संपेपर्यंत सांगितलं नव्हतं. पेपर चांगले गेले. तेव्हा बाई रडली खूप, पण पुढे शेजारणीला तिनेच सांगितलं होतं, की आमच्याकडे फार विचारी माणसं आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बाबांची पहिली पानं मोठी झकास होती. पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली. तेहतीस वर्षं शाळेतले एका बाजूने छापलेले रद्दी कागद जमवून त्यांनी घरात थप्पी लावली होती, आणि ती सरेल असं वाटत नव्हतं. कागद वाया घालवणं त्यांच्या लेखी पाप. त्यामुळे या काठापासून त्या काठापर्यंत, मुंगी शिरायला जागा नाही, असं लिहायचे. इंग्रजी लंगडं, पण मजकूर जिवंत. समोरच्याने स्कूटर घेतली आहे आणि तो ती चालवत नाही, रोज नुसती पुसतो. वहिनीने पंखा पुसताना स्टूल मोडलं, पण दादाला अजून माहीत नाही. भाजीवालीशी मी इंग्रजीतून भाव केला, तिने मला फुकट कोथिंबीर दिली आणि म्हणाली, आजोबा घरी जा. बाई ही पानं फोनवर वाचायची आणि एकटीच हसायची. चुका टाइप करून पाठवायची, आणि पुढच्या रविवारी त्यातली एकही चूक पुन्हा दिसायची नाही. असा विद्यार्थी तिला जन्मात मिळाला नव्हता.

दहाव्या आठवड्यात तिला संस्थेचा प्रिंटर वापरायचा गुप्त नंबर मिळाला. मामुली गोष्ट, पण तिला राज्य मिळाल्यासारखं वाटलं. आता बाबांचं पान कागदावर काढून, लाल पेनने, रीतसर तपासता येणार. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने पान छापलं, पेन उघडलं, आणि पाहते तो शेरा लिहायला जागाच नाही. तिने वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मराठीतून लिहिलं, "बाबा, दोन बोटं समास सोडत जा." फोटो काढून पाठवला.

पुढच्या रविवारचं पान आलं, त्याला समास नव्हता. त्याच्याही पुढच्या पानाला नव्हता. मजकूरही पार बेचव झाला होता. आज रविवार आहे. आज हवा ठीक आहे. मी चहा घेतला. मी बरा आहे, तुम्ही बऱ्या असा. ना स्कूटर, ना स्टूल. बाईने लिहिलं, काहीतरी नवीन लिहा. बाईने लिहिलं, समास सोडा. इतकंच काय, ज्या चुका ती लाल वर्तुळात दाखवून देत होती, त्याच चुका पुढच्या पानावर तशाच्या तशा हजर. बाबा कसे आहेत विचारलं की वहिनी सांगायची, "आत्ताच जेवून आडवे झालेत." नाहीतर "फिरायला गेलेत." बाबा असेही फोनवर येत नसत. शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

तेराव्या आठवड्यात वर्गाची तपासणी होती. प्रमुख बाई मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या, आणि नेमका त्याच दिवशी बाईचा आवाज दोनदा चिरकला. तास संपल्यावर त्या "ठीक होतं" एवढंच म्हणाल्या. ठीक म्हणजे काय, हे शिक्षकाइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. बाई धुमसत प्रिंटरपाशी आली. बाबांचं पान बाहेर आलं. काठापासून काठापर्यंत भरलेलं. आज रविवार आहे. आज हवा ठीक आहे.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. तिने लाल पेनने, त्यांच्या अक्षरांवरूनच, मोठं लिहिलं: "पालथ्या घड्यावर पाणी! चौथ्यांदा सांगते आहे. आता दोन नाही, चार बोटं समास सोडा, पट्टी लावून. लक्ष नसेल तर पान पाठवू नका." आणि पाठवून दिलं.

दुपारपर्यंत राग उतरला. वाईटही वाटलं. पण शेरा मारून झाला की शिक्षक तो मागे घेत नाही, आणि रविवारी पान आलंच. समास नव्हताच. बाईने तपासलं, पण या वेळी काही लिहिलं नाही.

तिच्या वर्गात एक क्रेन चालवणारा होता. दांडगा, मनाने मोकळा. ज्यांनी वर्ग बदलून मागितला नाही त्यांच्यातला. बाई रोज दहा ओळींचा गृहपाठ द्यायची, आणि अठराव्या आठवड्यात या गृहस्थाने सोमवार ते गुरुवार रोज नेमाने पान आणून दिलं. गुरुवारी बाईने चारही पानं टेबलावर मांडली आणि त्याला बोलावलं.

"ही सगळी तुम्ही एकाच दिवशी लिहून ठेवलीत. रविवारी."

तो लाजून हसला. रोज उंचावर बारा बारा तास काम, संध्याकाळी हात चालत नाहीत, म्हणून एकदाच लिहून ठेवली. "पण बाई, तुम्ही कसं ओळखलंत?"

"सोपं आहे," बाई म्हणाली. "मी सोमवारी जे दुरुस्त करून दिलं, त्यातलं काहीच मंगळवारी दुरुस्त नाही. बुधवारी नाही, आज नाही. म्हणजे मी दुरुस्त करायच्या आधीच हे सगळं लिहून..."

वाक्य पुरं झालं नाही. क्रेनवाला वाट पाहत उभा राहिला. बाई त्याच्याकडे बघत होती, पण तिला तो दिसत नव्हता.

तिने वर्गाला वाचायला दिलं आणि फोन घेऊन जिन्यात आली. एकामागून एक नऊ पानं काढून पाहिली. तिसऱ्या पानाच्या शेवटी पेनातली शाई फिकी होत गेली होती, आणि चौथ्या पानाच्या वरच्या दोन ओळी तशाच फिक्या होत्या. तिथून पुढे नवं पेन. एका बैठकीत लिहिलेली पानं तिने आयुष्यभर पकडली होती. ही तिला पकडता आली नव्हती, कारण ती दर आठवड्याला एक एक येत होती.

दादाने फोन उचलला.

"दादा, बाबांना उठव."

"अगं, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"बरं. मग उठले की त्यांच्या हातात पेन दे आणि आजची तारीख लिहून घे. नुसती तारीख. फोटो पाठव. मी थांबते."

जिन्यातला दिवा विझला. बाईने हात हलवला नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"तीन आठवडे झाले," दादा म्हणाला, आणि मग एवढा मोठा माणूस फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.

हकिगत फार लांबलचक नव्हती. नवव्या आठवड्यात पोट दुखतं म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना ऐकू येत नसलं तरी समोरच्याच्या तोंडाकडे पाहून कळायचं. घरी आल्यावर ते म्हणाले, बाईला एका शब्दाने कळवायचं नाही. ती येईल. आली की नोकरी गेली. तिला पक्की होऊ द्या, मग सांगा. दादा-वहिनीला शपथ घातली. दवाखान्यात भरती व्हायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्यांनी सतरा पानं लिहिली, सहा महिने पुरे होईपर्यंत पुरतील अशी. पुढच्या रविवारी काय घडेल हे माहीत नाही, म्हणून कुठल्याही रविवारी खरं ठरेल असंच लिहिलं. आज रविवार आहे. आज हवा ठीक आहे.

"किती पानं राहिलीत?" बाईने विचारलं.

"आठ."

"दर रविवारी एकच पाठवायची. एकदम नाही."

ती घरी गेली नाही. जाऊन कुणाला भेटायचं होतं? लोकांना हे कठोर वाटेल, तिच्या दादालाही वाटलं. पण ज्या नोकरीसाठी बाबा तिला न भेटता गेले, ती नोकरी आता टाकायची कशी, हे तिला उमगेना. ती रोज पाच नंबरच्या वर्गात उभी राहिली आणि चांगलं शिकवलं. खरोखर चांगलं. प्रमुख बाई पुन्हा मागच्या बाकावर बसल्या आणि या वेळी त्यांनी वही मिटून नुसतं ऐकलं. ती जिच्याकडे खोली घेऊन राहायची त्या घरमालकिणीला इंग्रजीचा गंध नव्हता आणि बाईला तिची भाषा येत नव्हती. पण एकदा बाईचे डोळे पाहून ती काही न विचारता, तिथल्या जिन्यातलाही तसाच विझणारा दिवा लागावा म्हणून, दारात हात हलवत उभी राहिली, बाई खाली उतरेपर्यंत.

शेवटचं पान आलं त्या आठवड्यात नोकरी पक्की झाली. पानावर एवढंच होतं, लंगड्या इंग्रजीत: "बाई, आज तुम्ही पक्क्या झालात. मला ठाऊक होतं. आता दादा सांगेल ते नीट ऐका. वहिनीवर रागावू नका. मी सांगितलं म्हणून तिने केलं. परीक्षा द्यायची राहिली, त्याबद्दल माफी असावी." सोमवारी खिळ्यावर बाईच्या नावाचा कप आला. तिने त्यात चहा ओतला, आणि शाळेतल्या पहिल्या दिवसासारखाच तो तिला घशाखाली उतरेना.

सुट्टीत ती घरी आली. बाबांची कॉट उभी करून भिंतीला टेकवली होती. दुसऱ्या दिवशी वहिनी तांदूळ निवडत होती तेव्हा बाई तिच्याजवळ जाऊन बसली. दोन महिने एकच प्रश्न तिच्या उरावर बसला होता. बाबा गेले ते गेले. वय झालं होतं. पण जाण्याआधी त्यांनी ते वाचलं का, तेवढं तिला हवं होतं.

"वहिनी, तो पालथ्या घड्याचा शेरा... तो बाबांना दाखवला होतात?"

"छे हो ताई!" वहिनीने मान वर न करता सांगितलं. "दवाखान्यात गेल्यापासून तुमचा एकही शेरा दाखवला नाही आम्ही. नुसतं कागदावर लिहून दाखवायचो, बाईंनी छान म्हटलंय. तेवढ्यावर खूश असायचे. तुमची शपथ."

बाईचा श्वास मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. जेवताना ती दादाच्या एका विनोदावर हसलीसुद्धा.

दुपारी तिने बाबांचं सामान आवरायला घेतलं. दवाखान्यातून परत आलेली पिशवी कुणी उघडलीच नव्हती. आत टॉवेल, चष्मा, भांडं, शाळेतली लाकडी पट्टी, पेन्सिलीचा तुकडा, आणि पट्टीला गुंडाळून रबर लावलेले पाठकोरे कागद. सहा. तिने ते सरळ केले. एका बाजूला कुठल्या तरी जुन्या परीक्षेचं वेळापत्रक, दुसरी बाजू कोरी. एक अक्षर नाही. फक्त डाव्या अंगाला पेन्सिलीने एक उभी रेघ. पहिल्या कागदावर सरळ, दुसऱ्यावर जरा कापरी. पाचव्यावर पट्टी मध्येच सरकलेली. सहाव्यावर रेघ खालपर्यंत पोचलीच नव्हती.

समास होता तो. पण फार रुंद. ज्यांनी आयुष्यभर कागदाचा काठ वाया घालवला नाही, त्यांनी एवढी जागा सोडलेली.

बाईने डावा हात पसरून चार बोटं त्या जागेवर टेकवली. मावली. रेघेच्या अलीकडे थोडी जागा उरली. बाबांची बोटं तिच्यापेक्षा जाड होती.

चार बोटं तिने फक्त एकदाच लिहिली होती. म्हणजे बाबांनी वाचलं होतं. वाचून, हातात लिहिण्याचं बळ नसताना, पट्टी मागवून घेऊन, निदान समास तरी आखून ठेवला होता. आणि वहिनी खोटं बोलली होती. ती का खोटं बोलली, तेही बाईला त्याच क्षणी कळलं.

"काय हो ताई, काय आहे त्या कागदांत?" वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. तिचा आवाज जरासा घाबरलेला होता.

बाईने कागद पुन्हा पट्टीला गुंडाळले. वर रबर लावलं.

"काही नाही वहिनी," ती म्हणाली. "कोरेच आहेत."